नरसय्या मास्तरांचा आरसा

नव्या शाळेत रुजू झाले त्याच दिवशी एका परक्या माणसानं माझ्या पदराचं टोक उचललं, उलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाला, "सूत चांगलं आहे. विणलंय मात्र घाईत." मी तेव्हा चोवीस वर्षांची, डोक्यात राख घालून घ्यायला कायम तयार. पायातली चप्पल हातात यायचीच बाकी होती. तेवढ्यात शाळेचा शिपाई मध्ये पडला. म्हणाला, बाई, हे विणकामाचे मास्तर, हे सगळ्यांचंच उलटून बघतात. मी वळून बघते तो मास्तर निघूनही गेलेले. माफी वगैरे काही नाही.

ही माझी आणि नरसय्या मास्तरांची ओळख.

शाळा नगर शहरातली, नगरपालिकेची. मास्तरांचं घर तोफखाना नावाच्या विणकरांच्या वस्तीत, जिथं गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी मागांची खटखट ऐकू यायची. सातवी शिकलेला हा विणकर पालिकेनं मुलांना विणकाम शिकवायला घेतला होता. अंगकाठी किरकोळ, अंगात पांढरा पायजमा आणि बिनकॉलरचा शर्ट, आणि आम्ही कानावर पेन्सिल ठेवतो तशी यांच्या कानावर सुताची कांडी. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि राग आला की दोन्ही एकदम. राग यायचाही फार. पण पोरांवर कधी नाही, आमच्यावर.

उलटून बघायची खोड मात्र जबरदस्त. चहाची बशी रिकामी झाली की उलटी. लग्नाची पत्रिका आली की आधी मागचा कोरा भाग. हेडमास्तरांच्या खोलीत नवं टेबल आलं तेव्हा आम्ही सगळे वरच्या पॉलिशचं कौतुक करत होतो आणि हे खाली आडवे झोपून खिळे बघत होते. पोरांनी गणित सोडवून वही दाखवली की उत्तराकडं न बघता पान उलटायचे आणि मागं उमटलेल्या वळांवरून हात फिरवायचे. म्हणायचे, पेन्सिल इथं दाबलीये, म्हणजे इथं हा अडखळला. आणि दर वेळी खरंच तिथंच अडखळलेला असायचा. मला याचा संताप यायचा, कारण मी त्या वर्गाची बाई आणि मला ते कळलेलं नसायचं.

या खोडीचं मूळ त्यांच्या मागात होतं. विणकामाच्या खोलीत जमिनीत खड्डा खणून माग बसवलेला, खड्ड्यात पाय सोडून मास्तर बसायचे. काठाचं नक्षीकाम करताना कापडाची सुलट बाजू खाली असते आणि विणणाऱ्याला दिसते ती उलटी, गाठींची. म्हणून मास्तरांकडं पत्र्याच्या चौकटीतला एक गोल आरसा होता, हाताच्या पंजाएवढा. मधूनच तो कापडाखाली धरायचे, वाकून बघायचे, आणि मग पुढं. "सुलटी बाजू गिऱ्हाइकाची, उलटी आपली," असं म्हणायचे. पोरांना काही अडलं की एकच सांगणं: "उलटून बघ."

आता त्यांच्या पत्त्यांविषयी सांगते, कारण खरे मास्तर तिथं होते. नक्षीच्या मागावर पुठ्ठ्याचे लांबट पत्ते असतात, भोकं पाडलेले. जिथं भोक तिथली सुई आत जाते आणि तिचा दोरा उचलला जातो, जिथं भोक नाही तिथला दोरा खाली राहतो. पत्त्यांच्या अशा माळेतून काठावरचा पोपट, रुईफूल सगळं आपसूक उमटतं. जुने झालेले पत्ते गल्लीत फेकून देत. मास्तर ते गोळा करून शाळेत आणायचे आणि त्यांचे खेळ करायचे. पत्त्यावर दहा गणितं, एकेकाखाली तीन उत्तरं, प्रत्येक उत्तरापाशी एक भोक. मागं दुसरा पत्ता चिकटवलेला, त्यात फक्त बरोबर उत्तरांची भोकं मोकळी. पोरानं बोथट दाभणात रंगीत दोरा ओवायचा आणि उत्तरात खुपसायचा. चुकलं तर दाभण अडतं. कुणी रागवत नाही, कुणी हसत नाही, नुसतं अडतं. दहा गणितं बरोबर आली की पत्त्यावर दोऱ्याचा पोपट तयार. मग दोरा ओढून काढायचा आणि पत्ता पुढच्याला द्यायचा.

आमच्या हेडमास्तरांकडं काचेचं कपाट होतं. त्यात पृथ्वीचा गोल, मातीची फळं, माणसाच्या दातांचा नमुना आणि वर पाटी, 'हात लावू नये'. त्यांनी मास्तरांचे पत्तेही त्यात ठेवायला मागितले, कौतुकानंच. मास्तरांनी साफ नाही म्हटलं आणि पत्ते वर्गाच्या दाराशी बादलीत टाकले. महिन्याभरात आठ-दहा पत्ते पोरांनी घरी पळवले. मी तक्रार घेऊन गेले तर या गृहस्थांचा चेहरा खुललेला. म्हणाले, बाई, गणित चोरून नेणारी पोरं कुठं बघितली होती का आधी? मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि त्याच्याबरोबर सुबी आली.

खर्ड्याकडची पोर. तिची आई हिराबाई गावाकडं खडी फोडायच्या कामावर होती, ते झेपेना म्हणून नगरला बहिणीकडं आली आणि विड्या वळायला शिकली. सुबी नऊ-दहा वर्षांची, लहानपणी देवी आल्या त्यात दोन्ही डोळे गेलेले. हिराबाई एका सकाळी तिला वर्गाच्या दारात उभी करून म्हणाली, बाई, बसू द्या हिला कोपऱ्यात, घरात नुसती भिताडं चाचपती. मी बसू दिलं. खरं सांगते, शिकवायचं म्हणून नाही. दया आली म्हणून. गावाकडं तिसरीपर्यंत नाव होतं तिचं, म्हणून चौथीच्या पटावर 'सुभद्रा' असं लिहिलं आणि विसरून गेले.

मास्तर विसरले नाहीत. त्यांनी सुबीच्या हातात पोपटाचा पत्ता दिला, तिनं चाचपला आणि निमूट परत दिला. दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेत आले ते डोळ्यांवर फडकं बांधून. तीन दिवस ते फडकं सुटलं नाही. पाण्याच्या रांजणाला धडकले, हेडमास्तरांच्या पायावर पाय दिला, माझ्या टेबलावरची शाईची दौत सांडली. पोरांना तर जत्राच. चौथ्या दिवशी फडकं सोडून माझ्याकडं आले आणि म्हणाले, बोटाला पोपट कळत नाही, नुसता गुंता कळतो. मग बसले आणि तिच्यासाठी वेगळे पत्ते केले. आकड्यांच्या जागी दोऱ्यावर गाठी, चित्रं साधी, कडा लांब लांब. सुबीनं पहिला पत्ता पुरा केला, दोऱ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "पान हाय. पिंपळाचं." मी फळ्याकडं तोंड करून उभी राहिले. माझे डोळे भरून आले होते आणि मला त्या पोरीची महिनोन् महिने केलेली उपेक्षा आठवत होती.

त्यानंतर ती सुटलीच. पाढे, बेरजा, हातच्याची वजाबाकी. डोळसांच्या आधी तिचा दोरा पुरा व्हायचा.

आणि मार्चात तो कागद आला. चौथीची परीक्षा जवळ आली होती आणि पटाची छाननी चालू होती. आंधळ्या मुलीचं नाव साध्या शाळेच्या पटावर का, असं वरून विचारलं होतं. तपासणीला साहेब येतील, मुलगी बाकीच्यांबरोबरीनं शिकते असं दिसलं तर तोंडी परीक्षेला बसवू, नाहीतर नाव कमी करा. पंधरा दिवसांची मुदत. हिराबाईला मी हे सांगितलं तेव्हा ती सुपातली विडी वळता वळता म्हणाली, काढलं तर काढलं बाई, मग हिला बंडलं बांधायला बसवीन, त्याला काय डोळे लागत न्हाईत. सुबी शेजारीच बसली होती. तिचे हात मांडीखाली गेले.

गणिताची काळजी नव्हती, कविता तिला तोंडपाठ होत्या. अडचण भूगोलाची होती. महाराष्ट्राचा नकाशा. मास्तर म्हणाले, करतो. भिंतीवरच्या नकाशावरून त्यांनी मोठ्या पुठ्ठ्यावर शाईनं रेघा उतरवल्या आणि त्या रेघांवरून सुईनं टोचत गेले. टोचलं की पुठ्ठ्याच्या मागं बारीक उंचवटे येतात, बोटाला लागतात. हद्दीला जवळ जवळ टोचे, नदीला लांब लांब, गावाला चार टोचे एकत्र. रोज शाळा सुटल्यावर सुबीला समोर बसवून पुठ्ठा उंचवट्यांची बाजू वर करून मध्ये ठेवायचे आणि तिचं बोट धरून फिरवायचे. ही वरची बाजू उत्तर. मावळतीला समुद्र. ही मुंबई, हे नगर, ही गोदावरी. पंधरा दिवस मास्तरांचं घरी जेवायला जाणं बंद होतं, त्यांची बायको डबा घेऊन शाळेच्या फाटकाशी उभी असायची.

तपासणीच्या दिवशी सकाळची शाळा होती. साहेब नऊला येणार. मी सातलाच वर्गात आले. फळा उत्तरेच्या भिंतीला, खिडक्या उजव्या हाताला, पूर्वेच्या. खिडकीतून तिरपं ऊन टेबलावरच्या पुठ्ठ्यावर पडलं होतं, आणि त्या उन्हात उंचवट्यांच्या सावल्या पडून सगळा नकाशा पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांना स्पष्ट दिसला. तोवर मी नेहमी शाईची बाजूच बघितली होती. मी बघतच राहिले. मुंबई उजवीकडं होती. समुद्र उजवीकडं. नागपूर डावीकडं. अख्खा महाराष्ट्र उलटा.

मास्तरांना बोलावलं, पुठ्ठा दाखवला. त्यांनी बघितलं आणि खिशातून तो आरसा काढला, पुठ्ठा शाईची बाजू वर करून धरला, खाली आरसा धरला. आरशात खालचे उंचवटे दिसत होते आणि नकाशा अगदी सुलटा. मग माझ्या लक्षात आलं काय झालं होतं ते. जन्मभराच्या सवयीनं त्यांनी खालची बाजू आरशातच तपासली होती, आणि आरसा उलट्याचं सुलट करून दाखवतो. लुगड्याच्या काठावरचा पोपट डावीकडं बघो की उजवीकडं, नेसणारीचं काही अडत नाही. नकाशाचं अडतं. शिवाय ते सुबीच्या समोर बसायचे, त्यामुळं समुद्र रोज त्यांच्या डाव्याच हाताला यायचा. मास्तर मटकन खाली बसले. 

मी म्हटलं, ऐका, कुणाला काही बोलू नका. साहेब नकाशाचं विचारतीलच असं नाही. सुबीलाही आत्ता सांगू नका, ती गोंधळेल, येतंय तेही विसरेल. मास्तर कानावरची कांडी काढून तिचा दोरा बोटाला गुंडाळत बसले.

साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण कागदाचा पक्का. सुबीला पुढं बोलावलं. पत्त्यावरची चार गणितं घातली, तिनं सोडवली, दाभण एकदाही अडलं नाही. साहेबांनी पत्ता हातात घेऊन बघितला, खूश झाले. कविता म्हणायला लावली, तिनं म्हटली. माझा जीव जरा भांड्यात पडला. तेवढ्यात हेडमास्तर कौतुकानं पुढं झाले आणि म्हणाले, साहेब, हिच्यासाठी खास नकाशा केलाय. मला वाटलं, यांना आत्ताच्या आत्ता त्या काचेच्या कपाटात कोंडावं.

साहेबांनी पुठ्ठा टेबलावर ठेवला, उंचवट्यांची बाजू वर, आणि म्हणाले, "दाखव बाळ, मुंबई कुठं?"

सुबीचा हात उठला आणि मागून मास्तरांचा आवाज आला.

"साहेब, तिला विचारू नका. नकाशा उलटा आहे. चूक माझी आहे, पोरीची नाही."

मी त्या क्षणी मास्तरांचा जेवढा राग केला तेवढा आयुष्यात कुणाचा केला नाही. एवढं काय नडलं होतं? साहेबांच्या डोळ्यांपुढं तो पुठ्ठा नुसत्या टोच्यांचा होता, सुबीनं कुठंही बोट ठेवलं असतं तरी त्यांनी मान डोलवली असती. आता त्यांनी पुठ्ठा उचलून उजेडाकडं धरला, उलटसुलट केला, आणि त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, म्हणजे पंधरा दिवस हिला उलटा भूगोल शिकवलात? त्यांनी खिशाचं पेन काढलं. टोपण उघडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. 

सुबी म्हणाली, "मला ठाऊक हाय, साहेब."

ती चाचपत पुढं सरकली, साहेबांच्या हातातून पुठ्ठा तिनं घेतलाच, आणि शाईची बाजू वर करून टेबलावर ठेवला. त्या बाजूला उंचवटे नव्हते, नुसती सुईची बारीक भोकं. तिचं बोट त्यांच्यावरून सरकत गेलं. डावीकडं थांबलं. "ही ममई. हा समिंदर. हितं नगर." बोट पार उजवीकडं गेलं. "आन् हे नागपूर."

साहेबांनी पेन तसंच धरून विचारलं, तुला कुणी सांगितलं? ती म्हणाली, कुनी न्हाई. मास्तर म्हन्ले समिंदर मावळतीला. मी वर्गात बसते तवा सकाळचं ऊन ह्या गालावर येतं. तिनं उजव्या गालाला हात लावला. "मंग ऊन येतं त्याच अंगाला समिंदर कसा आसंल? म्हनून उलटून बघितलं. मास्तरच म्हन्तेत, उलटून बघ."

मी विचारलं, कधी कळलं तुला? तर म्हणे दुसऱ्याच दिवशी. मग बोलली का नाहीस, तर मान खाली घालून पुटपुटली, मास्तर जेवत नव्हते, त्यांना वाईट वाटलं आसतं.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, आणि कागदावर लिहिलं: तोंडी परीक्षेस बसवावे. सही केली. मी रडत होते, भर वर्गात, पोरांसमोर, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. हिराबाई सकाळपासून दाराशी उभी होती, ती तिथंच खाली बसली.

आणि मास्तर? एखाद्यानं पोरीला जवळ घेतलं असतं. मास्तर तिच्याजवळ गेले, डोळे मिटले, पुठ्ठ्यावर तिच्या बोटाशेजारी स्वतःचं बोट ठेवलं आणि भोकांवरून फिरवत राहिले. मग हळूच विचारलं, "खड्ड्यांचं जास्त नीट कळतं का गं, उंचवट्यांपेक्षा?"

"न्हाई," सुबी म्हणाली. "उंचवटेच बरे. पर ते ह्या अंगाला पायजेत."

मास्तरांनी मान हलवली, पुठ्ठा काखेत मारला आणि विणकामाच्या खोलीकडं निघून गेले. दुपारपर्यंत नवा नकाशा तयार होता, मागून टोचलेला. माझी माफी मात्र याही वेळी मागितली नाही त्यांनी. खरं तर मीच मागायला हवी होती. त्यांनी बोलायचं टाळलं असतं तर सुबी उंचवट्यांवर, चुकीच्या जागी बोट ठेवणार होती का, हे मी तिला पुढं एकदा विचारलं. म्हणाली, व्हय बाई, मास्तरांचा नकाशा खोटा कसा पाडू?  साहेब पक्के होते, उन्हाकडं एकदा नकाशा धरला असता की खेळ खलास.

सुबी चौथी पास झाली. त्याच साहेबांनी खटपट करून तिला पुण्याच्या अंधशाळेत घालायची सोय केली. हिराबाई आधी तयार नव्हती, मास्तरांच्या बायकोनं तिच्या शेजारी बसून चार दिवस विड्या वळल्या तेव्हा कुठं हो म्हणाली.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं आणि नगर सोडायची वेळ आली. निघायच्या आदल्या दिवशी शाळेत माझ्या नावावर एक पाकीट आलं. आत जाड कागद, त्यावर नुसते टिंबांसारखे उंचवटे, ओळीच्या ओळी. सोबत तिथल्या कुणा बाईंनी शाईनं लिहिलेली चिठ्ठी: सुभद्रानं स्वतः लिहिलेलं पहिलं पत्र तिच्या मास्तरांना पाठवत आहे. ती सांगते, मास्तरांना म्हणावं, इथं सगळे मागच्या बाजूनंच टोचून लिहितात, उजवीकडून डावीकडं, उलटं. कागद उलटला की सुलट होतं. मला शिकायला दोनच दिवस लागले, बाकीच्यांना महिना लागतो.

मी ते घेऊन तोफखान्यात गेले. मास्तर घरच्या मागावर बसले होते, पाय खड्ड्यात. चिठ्ठी वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग हात पायजम्याला पुसून तो जाड कागद घेतला, डोळे मिटून उंचवट्यांवरून बोट फिरवलं, उलटला, खड्ड्यांवरून फिरवलं. आम्हा दोघांनाही त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मी म्हटलं, येते मास्तर. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. दारातून वळून बघितलं तर त्यांनी कागद मागावर आडवा धरला होता, खाली तो आरसा, आणि वाकून बघत होते. मग आरसा काढून त्यांनी बाजूला ठेवला आणि नुसत्या बोटानं पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.